फळीवरचं गणित

एमरिस फायर ब्रिगेडमध्ये लागला तेव्हा
कागदावर एकावन्न होतं.
मी स्वतः पाहिलंय, जाड ठशात, शिक्क्याच्या वर.
त्या भरवशावर गॅरेजमध्ये बोट सुरू केली,
लार्चच्या फळ्या, तांब्याचे खिळे,
वर्षाला जमतील तेवढ्या.
घाई कसली, म्हणायचा.
घाई आगीला असते.

मग पत्र आलं.
एका बाजूला वेल्श, दुसऱ्या बाजूला इंग्रजी,
दोन्हीकडे साठ.
त्यानं ते दोनदा उलटून पाहिलं,
जणू एखाद्या भाषेत तरी
वर्षं थोडी स्वस्त मिळतील.

साठाव्या वर्षी
पाठीवर हवेचा सिलिंडर, अंगात पाण्यानं जड झालेलं जाकीट,
साडेतेरा मीटरची शिडी,
आणि वरच्या खिडकीत कुणीतरी, ज्याला तुमचं वय माहीत नसतं.
पत्र त्याला आलं होतं.
त्याच्या गुडघ्यांना कुणी कळवलं नव्हतं.

माझं म्हणाल तर मी शाळेत मुलांना जेवण वाढते.
माझीही साठ होती, ती सरकत सरकत सदुसष्टवर गेली.
मला बेथननं सांगितलं, बटाटे सोलताना.
मी म्हटलं, काहीतरीच काय.
आणि पुढचा बटाटा घेतला.

आम्ही नव्यानं मांडामांड केली.
अ‍ॅबरपोर्थचा कॅरॅव्हॅन रद्द.
महिन्याला चाळीस पौंड बाजूला,
मग तीस,
मग बॉयलर गेला.
एमरिसला कागदावर हिशोब जमत नाही.
तो फळ्यांवर करायचा, आतल्या बाजूनं, सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं.
व्याज, हप्ते, ओवेनची फी,
एकावन्न खोडून त्रेपन्न, ते खोडून साठ.
बोट लांबीनं तेवढीच राहिली,
आकडे मात्र पार नाळेपर्यंत पोचले.

मग काही वर्षांनी आणखी एक पाकीट.
कोर्ट म्हणालं, वयावरून असा भेद करायला नको होता.
सात वर्षांचं आता तुम्हीच ठरवा,
जुन्या योजनेत धरायची की नव्या.
डावीकडे एक रक्कम, उजवीकडे एक.
दिसायला वाढलेली दोन ताटं,
पण जेवण किती दिवस चालणार
ते ज्याचं त्यानं सांगायचं.

रविवारी दुपारी टेबल पुसून बसलो.
ओवेननं लॅपटॉप लावून दिला.
स्क्रीननं सगळं विचारलं,
जन्मतारीख, रुजू तारीख, लग्न,
आणि शेवटी एक रिकामी चौकट:
किती वर्षं जगाल असं धरायचं?

एमरिस हसला. मग हसायचा थांबला.
त्याचे वडील बासष्टला गेले, छातीत कोळशाची धूळ,
रात्री उशीला टेकून बसून.
आई त्र्याण्णवला, शेवटच्या शनिवारीसुद्धा शेरी मागून.
बासष्ट धरलं तर डावी बाजू.
त्र्याण्णव धरलं तर उजवी.
मधे एकतीस वर्षं,
आणि त्याच्या आयुष्यातला धूर किती धरायचा
त्याला तर रकानाच नव्हता.

'मी कुणावर गेलोय गं,
आईवर की बापावर?'

मी त्याच्याकडे पाहिलं.
नाक वडिलांचं. खांदे वडिलांचे.
जिना चढताना मधेच थांबून
खिशात किल्ल्या शोधल्यासारखं करतो, तेही त्यांचंच.

'आईवर,' मी म्हटलं.
'सरळसरळ आईवर.'

त्यानं मान हलवली,
माझं खोटं त्याला कळतं. तीस वर्षं कळतं.
तरी चौकटीत त्र्याण्णव लिहिलं,
मग खोडून ऐंशी,
आणि रात्रपाळीला निघून गेला.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.
मी गॅरेजमध्ये दिवा लावून
बोटीत बसले थोडा वेळ, कोट घालून.
सगळीकडे त्याचं अक्षर.
पुढच्या आठवड्यात आतून रंग द्यायचं म्हणतोय,
दोन हात पांढरा,
की काही दिसणार नाही.

मी बसण्याच्या फळीखाली चाचपलं.
तिथे पेन्सिल पोचलेली नव्हती.
कोरं लाकूड, वीतभर,
अजून थोडं चिकट.